जारुकोतोला हसणारे

निजाम जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. जपानी पद्धतीनं भात लावून दाखवायला सरकारी विकास ब्लॉकची जीप एका जपानी माणसाला घेऊन आमच्या जळकोटला आली. मामंजींनी आमची ओढ्याकाठची पट्टी त्यासाठी दिली होती. पाणी धरणारी तेवढी एकच पट्टी. पुढं नणंदेचं लग्न होतं. पंगतीला घरचा भात वाढायचा, असं सासूबाईंनी मनाशी धरलं होतं.

मी भाकरी घेऊन गेले होते. पदर ओढून बांधाच्या कडेला बसले. पाहुण्यानं आधी गावाचं नाव घेतलं, "जारुकोतो." झालं! सगळी मंडळी पोट धरून हसायला लागली. त्याच्या तोंडात पाय मोडलेलं अक्षर टिकतच नव्हतं. प्रत्येकाला तो ओकार नाहीतर उकार जोडी. ल आणि ळ तर त्याला येतच नव्हते, दोन्हींचा र व्हायचा.

"सायेब, तुळजापूर म्हना की!"

"त्सुरुजापुरु."

"आता तामलवाडी!"

"तामारुवादी."

तो बिचारा दर वेळी वाकून म्हणे. शिकवायला आलेल्या माणसाचं ह्या मंडळींनी दरवेशाचं अस्वल केलं. आणि हसणारे कोण, तर जन्मभर इस्टेशन, इस्कूल, इस्टूल म्हणणारे! पुढं 'इ'ची काठी टेकल्याशिवाय ज्यांची जीभ उठत नाही, ते. त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी मराठीत सांगायचं काम ग्रामसेवकाचं, तोच तोंडाला रुमाल लावून बसला होता. मीही पदराआड हसले, तेही लिहून ठेवते.

मग पाहुणा चिखलात उतरला. गाठी मारलेली दोरी ताणली. दर गाठीला दोनच रोपं, पेराएवढीच खोल. दर वेळी दोन बोटं वर करून दाखवी. एक ओळ त्यानं पुरी केली. बांधावरचे अजून तामारुवादीतच होते.

जीप गेल्यावर त्यांनी मूठमूठ रोपं खुपसायला सुरुवात केली. संध्याकाळी मी ह्यांना हळूच म्हटलं, "दोन-दोनच लावा म्हणत होता तो."

"तुला गं कुठनं कळली जपानी?"

ओट्यावरून मामंजी म्हणाले, "घ्या! आमची सूनबाई बी जारुकोतोची निघाली!"

पुन्हा हसणं. मी चुलीकडं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी उरलेली पट्टीही तशीच लावून झाली.

पीक दाटीनं उंच वाढलं, आडवं पडलं, लोंब्या पोचट निघाल्या. पाहुण्याची ओळ तेवढी दाण्यांनी भरून उभी होती. लग्नाला तांदूळ सोलापूरहून आणावा लागला. पंगतीत वाढता वाढता मामंजी सांगत होते, "जपान्याची पद्धतच खोटी हो! ज्याला गावाचं नाव घेता येत न्हाय, त्याला शेती काय येनार?" व्याही मान डोलवत जेवले.

त्या ओळीचं सूपभर भात मी आधीच कापून आणलं होतं. हळदीच्या आदल्या दिवशी सासूबाई, नणंद आणि मी, तिघींनी ते कांडलं, शिजवलं आणि तूप घालून चुलीपुढं खाल्लं. पुरुषांना दाखवलंसुद्धा नाही. दाखवून त्यांना काही कळलं असतं, असं मला वाटत नाही.