कांदे, बंदुका आणि शेवटचा बाक

कुवेतमधल्या आमच्या मंगफच्या घरात किस्से साठतात, कारण सुट्टीचा शुक्रवार एकच असतो आणि दमलेली माणसं तीन. बाबा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत कंट्रोल रूममध्ये आहेत. त्यांच्याच ऑफिसातले पटवर्धनकाका पुण्याचे, ते कागदपत्रं तपासतात. तिसरे गावणकरमामा, गुहागरचे सुतार. अम्गऱ्याच्या कारखानी वस्तीतल्या वर्कशॉपमध्ये लाकडी खोकी बनवतात आणि एका खोलीत पाच जणांबरोबर राहतात. जेवण झालं की तिघं हॉलमध्ये लवंडतात आणि आठवडाभराचं बोलून टाकतात. मी कोपऱ्यात अभ्यास करते, म्हणजे ऐकते. या वर्षी मात्र सगळे किस्से माझ्याच प्रोजेक्टचे झाले.

*

इकॉनॉमिक्सच्या मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. एखाद्या मालाचं उत्पादन वर्षानुवर्षं कसं वाढलं, कसं घटलं, ते शोधायचं आणि वर्गासमोर सांगायचं. कोणाला चहा आला, कोणाला खजूर. शेवटच्या बाकावरच्या अनीसाला आइस्क्रीम. माझ्या चिठ्ठीत होतं, 'अमेरिकेतल्या बंदूक कंपन्या'.

घरी आल्यावर आई म्हणाली, "अगं, बदलून मागायची ना."

"मागितली."

"मग मॅडम काय म्हणाल्या?"

"त्यांना ऐकू गेलं नाही. मी मनात मागितली होती."

आई हसली नाही. मागच्या वर्षी माझ्या प्रोजेक्टवर शेरा होता, 'मजकूर उत्तम, आवाज ऐकू आला नाही', आणि त्यापायी मार्क गेले होते. या वर्षी मॅडमनी आधीच बजावलं होतं. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचला नाही, तर निम्मे मार्क जाणार.

*

मी आकडे जमवून आलेख काढला. पूर्वी लांब नळीच्या बंदुका जास्त बनत, पुढे पिस्तुलं पुढे गेली. पण मला नवल वाटलं ते उंचवट्यांचं. रेषा मध्येच उसळायची आणि मग धपकन खाली यायची.

बाबा ड्यूटीवरून आले होते. बूटही न काढता ते आलेखासमोर उभे राहिले.

"हा पंप कोण चालवतंय?"

"बाबा, हा पंप नाहीये."

"असं वरखाली करतात का? इथे बघ, ट्रिप झालाय. इथे शटडाऊन घेतलाय."

"बंदुकांचं उत्पादन आहे ते."

"सगळा पंपच असतो गं," असं म्हणून ते सोफ्यावर बसले आणि बसल्या बसल्या झोपले.

*

पटवर्धनकाकांनी प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर तक्ता आखून दिला. कोणी तयार केलं, कोणी तपासलं, कोणी मंजूर केलं. त्यांच्या खात्यात तक्त्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. त्यांनी लाल पेनाने दुरुस्त्या केल्या आणि मी नवीन प्रत काढली. तिचं नाव रिव्हिजन ए.

"हे आकडे जुने दिसतायत," ते म्हणाले.

"तिथलं सरकार वर्षभर उशिराच जाहीर करतं, काका."

"अरे वा. म्हणजे आमच्यासारखंच."

दर शुक्रवारी एक रिव्हिजन झाली. एफपर्यंत पोचले तेव्हा माझी बोटं दुखत होती. त्या प्रतीवर काकांची एकच लाल ओळ होती, 'डी-मधलं वाक्य जास्त चांगलं होतं.' ते वाक्य त्यांनीच खोडलं होतं.

*

मध्ये कांद्यांचं सांगायला हवं. मागे भारतातून कांद्याची निर्यात बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा आईने बाबांना बकाल्यात, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, पिटाळून तीन गोणी कांदे आणवले होते. आमच्या किराणावाल्याने बाबांना विचारलं, "हॉटेल काढताय का?"

गोण्या बाल्कनीत राहिल्या. इथल्या उकाड्यात त्यांना आधी कोंब आले, मग पाणी सुटलं. आम्ही कांद्याची भाजी, कांद्याचं थालीपीठ आणि पोह्यांहून जास्त कांदा असलेले पोहे खाल्ले. शेवटी दीड गोणी बाबांनी कचऱ्यात नेऊन टाकली.

"नाशिकचा माणूस कांदे फेकतोय," ते म्हणाले. "गावी फोनवर बोलू नका."

*

एफनंतरच्या शुक्रवारी उंचवट्यांवरून वाद झाला. बाबांचं म्हणणं, तिथे लोकांकडे पैसा आला असेल. काकांचं म्हणणं, आकडेच चुकलेत. मी हळूच म्हणाले की निर्बंध येणार अशी चर्चा झाली की त्याच सुमारास रेषा वर जाते. कोणी ऐकलं नाही.

गावणकरमामांनी ऐकलं. ते माझ्यासारखेच. सोलकढी पितात, बोलत नाहीत. त्यांनी बाल्कनीकडे पाहिलं.

"वैनी, तुम्ही कांदे घेतलेत तेव्हा टंचाई होती काय?"

"नव्हती," आई आतून म्हणाली. "होणार होती."

मामा माझ्याकडे वळले. "झालं तर मग. बंद होणार म्हटलं की माणूस घरात भरून ठेवतो. भरलं की परत घ्यायला जात नाही."

मग काकांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

"रिव्हिजन जी," ते म्हणाले.

*

वर्गात माझा नंबर अनीसाच्या आधी होता. मी कागदात पाहून वाचलं. तिसऱ्या ओळीला मॅडम म्हणाल्या, "मोठ्याने." पाचव्या ओळीला पुन्हा म्हणाल्या. शेवटच्या बाकावर अनीसा आपला आइस्क्रीमचा तक्ता उलगडत होती. मला वाटलं, या वर्षीचेही मार्क गेले.

मी कांद्यांचं सांगितलं. मुलं हसली. मॅडमही हसल्या आणि त्यांनी विचारलं, "भीती ओसरली, उत्पादन खाली आलं. पण जो माल लोकांनी घरात भरला, त्याचं पुढे काय होतं?"

हा प्रश्न ए-पासून जी-पर्यंत कुठल्याच रिव्हिजनमध्ये नव्हता. मी कागद खाली ठेवला.

"आमचे कांदे सडले, मॅडम," मी म्हणाले. "बंदुका सडत नाहीत."

मॅडमनी सवयीने शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

"अनीसा, ऐकू आलं?"

अनीसाचा तक्ता अर्धवट उलगडलेला तसाच हातात होता. तिचे ओठ हलले. ती हो म्हणाली असावी. आवाज ऐकू आला नाही.