पान सोडून उठायचं नाही

लालबागच्या सुभद्रामावशीचं नाव आधी लिहितो, मग पुढचं. हे लिहायला मी उरलो तो तिच्यामुळे... निदान मला तरी तसं वाटतं.

तुमच्या मासिकाच्या या सदरातले अनुभव आम्ही मुंबईत मोठ्याने वाचून हसायचो. जिन्यावरची बाई काय, विहिरीवरचा दिवा काय – उपाशी पोटाचं काम, असं मीच म्हणायचो. आता माझीच पाळी आली. मराठी चौथीतून शाळा सुटली, तेव्हा चूकभूल माफ करा.

एका गुजराती कापडवाल्याकडे नोकरी लागली म्हणून मी बोटीने मॉरिशसला आलो. पोर्ट लुईला असतो. तुमच्यातलं कुणी येणार असेल तर थोडं सांगून ठेवतो, मला कुणी सांगितलं नव्हतं. बोटीवर पहिले दिवस कोरडी भाकरी सोडून काही खाऊ नका. कागदपत्रं मेणकापडात गुंडाळून अंगावरच ठेवा. समुद्रात लांब पांढऱ्या फेसाची रेघ दिसते, तिच्या आतच पोहा. खोली घेताना दगडी भिंती बघा. पत्र्याची स्वस्त पडते, पण इकडे वादळं होतात. वादळाचं पुढे सांगतोच.

निघताना मावशीला सांगितलं, तर म्हणाली, "मॉरिशस? म्हंजे मोरस? साखर येयची तो गाव?"

"होय मावशे."

"मगे थय उपाशी रवचस नाय."

"मुंगळो होतलो तो थय!" शंकर म्हणाला. शंकर माझा खोलीवाला, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर.

मावशीची खानावळ चाळीच्या तळमजल्यावर. पंधरा-वीस गिरणीवाले जेवायला. तिचा एकच कायदा – पंगतीतल्या शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी पान सोडून उठायचं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या गडबडीत एका दुपारी बाहेर गोळीबार चालला होता आणि आम्ही दार लावून जेवत होतो. आवाज थांबला. मी आणि शंकर उष्ट्या हातानेच उठलो, बघायला. मावशी दारात हात आडवा लावून उभी.

"झिला, पान सोडून खय उठतस?"

झिला म्हणजे पोरा. आम्ही कुरकुरत बसलो. पाच मिनिटांत गल्लीच्या दुसऱ्या तोंडाने पुन्हा सुरू झालं.

आता वादळाचं. मंगळवार होता. खोलीत मी एकटा. रस्त्यापलीकडे शेटचं गोदाम, किल्ल्या माझ्याकडे. पहाटेपासून वारा असा की खिळे भिंतीतून बाहेर येतील. दुपारी एकच्या सुमारास एकदम सगळं थांबलं. ऊन पडलं. मला वाटलं, संपलं. गोदामात पाणी शिरून तागे भिजले असतील तर शेट परत पाठवणार – आणि आईला मी कुठल्या तोंडाने सांगू? किल्ल्या घेतल्या. कडीला हात घातला...

"झिला, पान सोडून खय उठतस?"

मागून. पदराला हात पुसत बोलावं तसं. तव्यावरच्या बांगड्याचा वाससुद्धा आला. वळलो तर खोलीत माझी ट्रंक, बाकी काही नाही. भीती नाही वाटली हो... लाज वाटली, पंगतीतून उठल्याची. मी तिथेच जमिनीवर मांडी घालून बसलो. समोर पान नाही, काही नाही. किती वेळ बसलो, ठाऊक नाही.

मग वारा आला – उलट्या बाजूने, दुप्पट. वादळाच्या पोटात अशी शांतता असते, हे मला नंतर कळलं. म्हणून बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे लक्षात ठेवा: वारा पडला म्हणून बाहेर पडू नका. दुसऱ्या दिवशी बघितलं तर गोदामाची पुढची भिंत कुलपावर कोसळलेली. मी कुलूप उघडत तिथेच उभा असतो. शेट एवढंच म्हणाला, "तू आहेस ना, मग झालं."

कानात वारा भरला होता, पोटात काही नव्हतं, जुनी आठवण वर आली असेल – मी स्वतःला हेच सांगत होतो. मग शंकरचं पत्र आलं. वादळाबद्दलचं माझं पत्र पोचायच्या आधीच त्याने टाकलेलं.

"मावशी म्हातारी झाली रे," त्याने लिहिलं होतं. "गेल्या मंगळवारी आम्ही दुसऱ्या पाळीवाले जेवून उठतोय, तर ही दारात आडवी. म्हणे, बसा, एकाचा अजून होऊक नाय. सगळ्यांचं झालेलं! कोपऱ्यात एक पान वाढलेलं, समोर कुणी नाही. अडीचपासून बसवलं. भोंगा झाला तरी सोडीना. मग आपणच म्हणाली, जावा आता. उशिरा गेलो म्हणून खात्यात जॉबरच्या शिव्या खाल्ल्या तुझ्या मावशीपायी."

पत्रावरची तारीख बघितली, मंगळवार तोच. मुंबईचं घड्याळ इथल्यापेक्षा दीड तास पुढे. तिकडे अडीच, म्हणजे इथे एक.

मी पत्रातून मावशीला विचारलं. शंकरने तिचं उत्तर जसंच्या तसं कळवलं – "वाढूचा वाटला, वाढलंय. त्यात काय?"

त्यात काय, ते मलाही कळलेलं नाही. विचार करून डोकं शिणलं, आता सोडून दिलंय. रोज दुकान उघडतो, तागे मोजतो, बंद करतो. एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. मावशी स्वतः सगळ्यांच्या मागून जेवते, एकटी, चुलीपाशी. तिच्यासाठी पंगत कधी थांबलेली मी बघितली नाही.

मावशे, मी परत येईन तेव्हा एक दिवस तू पंगतीत बसायचंस, वाढायला मी. आणि तुझं होईपर्यंत एकालाही पान सोडून उठू देणार नाही – भोंगा झाला तरी.