कुन्झेसआमाच्या अंगणातली खुंटी

कुन्झेसआमाच्या पाहुणघरात उतरलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी कळतात. अंघोळीला एकच बादली मिळेल, आणि संडास कोरडा आहे. आपलं झालं की कोपऱ्यातली माती अन् राख दोन फावडी टाकायची. वर्षाने तेच सोनखत जवाच्या शेतात जातं. एकदा दिल्लीच्या एका शहाण्याने स्वच्छतेच्या नादात वरून चार बादल्या पाणी ओतलं आणि सगळं खत नासवलं. आमाने त्याला चहा पाजला, जर्दाळू खाऊ घातले आणि मग त्याच्याच हातात फावडं दिलं.

घर मातीचं. दर वर्षी बर्फ पडायच्या आत ती स्वतः छतावर चढते आणि चिखलाचा नवा थर देते. तो चिखलसुद्धा भांडी विसळलेल्या पाण्यात कालवलेला. साठी उलटली, तरी शिडी चढताना कुणाचा हात धरेल तर शपथ.

तिचा मुलगा मुतुप दहा वर्षं खिंडीतून ट्रक चालवून विटला होता. त्याला घरी राहायचं होतं; पण पाहुणे लेहच्या फ्लशवाल्या हॉटेलांकडे पळत होते. म्हणून या उन्हाळ्याच्या तोंडाशी तो बोअरवाल्याला घेऊन आला.

"आमा, आता नाही म्हणू नकोस. फ्लश नसेल तर मी चाललो परत ट्रकवर."

खिंडीत बर्फ पडतंय असं कळलं की आमाच्या घशाखाली घास उतरत नाही. हो म्हणायचं, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

बोअरवाल्याने अंगणात खुंटी ठोकली. "शंभर फुटांवर लागेल बघा पाणी."

"कुणाचं?" आमाने विचारलं.

"कुणाचं म्हणजे? जमिनीतलं."

"इथलं पाणी खाली मेमे नोर्फेलच्या झऱ्याला जातं. वरच्या हॉटेलने बोअर मारली, तेव्हापासून त्याची धार करंगळीएवढी झालीय. एक हंडा भरायला म्हातारा अर्धी सकाळ बसून असतो."

मुतुप भडकला. "शेजारच्या म्हाताऱ्याची काळजी आहे, पोराची नाही?"

"पोराचीच आहे रे. तू गेलास की माझा जीव टांगणीला लागतो. पण त्याचं पाणी तोडून तुला घरी ठेवलं, तर तुझ्याकडे बघवायचं नाही मला."

तिने खुंटी उपटली, बोअरवाल्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मुतुप ट्रक घेऊन निघून गेला.

दुपारी मेमे नोर्फेल काठी टेकत वर आला.

"तुझा पोरगा सकाळी कॅन भरायला आला होता. खिंडीत जातोयस, तू आधी भर, म्हटलं. बसला तासभर. अर्धा कॅन भरला, तो माझ्या हंड्यात ओतला आणि रिकामाच घेऊन गेला. एवढा कशावर रुसलाय गं?"

"रुसला नाही, मेमे," कुन्झेसआमा म्हणाली. "माझ्यावर गेलाय."

आणि म्हाताऱ्यासमोरच ती तोंड न लपवता रडली.