शेवंताची सकाळची वर्दी

दुसऱ्याच्या पोटाची आमच्या हिच्या मामांइतकी काळजी वाहणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. हे पोट शेवंताचं. शेवंता म्हणजे मामांची चौदा वर्षांची मांजर. मामा पेणला गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखतात. परत आलेल्या मूर्तीच्या खोक्यात, पेंढ्यात, त्यांना शेवंता आणि तिचा भाऊ सापडले. भाऊ रामवाडीला हायवेवर गाडीखाली गेला, तेव्हापासून शेवंताला उंबरठा बंद. मामा एकटा जीव, स्वतः उभ्याउभ्या चहात पाव बुडवून जेवण उरकणार; पण शेवंताची मांदेली उकडून, एकेक काटा काढून! एकदा मी तिच्या ताटलीतलं एक उचललं, तर म्हणाले, "जावईबापू, तुम्हाला भजी आणतो, पण तेवढं ठेवा."

आणि तिचं पोट बिघडलं की फोन मला, रोह्याला. मी पंचायत समितीतला कारकून, मांजरांचा सिव्हिल सर्जन नव्हे! पण मी पोह्यांचा पहिला घास घ्यायला आणि मामांनी "आज फारच कडक झाली हो" म्हणायला एकच गाठ पडायची.

गेल्या श्रावणात फोन आला तो वेगळाच. "चौथा दिवस हाय. शीच नाय झाली. पाण्यालाही तोंड लावत नाय." मला ऑफिसची घाई. "एरंडेल पाजा," असं फर्मान सोडून मी मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. एरंडेल पाजलं होतं, शेवंता ते ओकली होती, आणि आता मान वर धरत नव्हती. ऐन हंगामात, ओळीने बिनडोळ्यांचे गणपती मागे ठेवून, मामा तिला मूर्तीच्या टोपलीत घालून रोह्याच्या एसटीत बसले होते. पेणमध्ये श्रावणात असं कोणी करत नाही. "खांब गावात गाडी अडकलीय हो," एवढंच ते बोलले. मागून मला ऐकू येत होतं, "शेवंते, डोळे मिटू नको गो." मेली तर माझ्या एरंडेलाने मेली, हेच डोक्यात.

रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट दाबून पाहिलं, फोटो काढला. आत दगडासारखं घट्ट झालं होतं. एरंडेलाचं कळल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्ची मागे सरकवली. मग त्यांनी मामांना विचारलं, "घरात शी करायला काय ठेवता?"

मामांची मान जरा ताठ झाली. "शाडू! दोनदा चाळलेला, मैद्यासारखा. वाळू म्हाताऱ्या पायांना टोचते ना."

"आणि ओल्या पायांना चिकटतो तो? मांजर पाय चाटतं, मामा."

ओला शाडू सुकला की काय होतो, हे मामांना कोणी शिकवायला नको होतं. उभा जन्म त्यातच गेलेला. ते आपल्या हातांकडे बघत राहिले. "म्हंजे मीच केलंय व्हय?"

सलाईन लागलं, एनिमा झाला. संध्याकाळपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. मामांनी चहालाही हात लावला नाही. शेवटी दार उघडलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झाली!" आणि मामा तिथेच ढसाढसा रडले.

आता शेवंताच्या ट्रेमध्ये फाडलेलं वर्तमानपत्र असतं. दूध बंद. मांदेलीत उकडलेला लाल भोपळा आणि भरपूर पाणी. कारखान्यातून आल्यावर मामा अंगणातच हातपाय धुतात, कपडे बदलतात, मग तिला हात लावतात. मला मात्र रोज सकाळी सातला फोन येतो, "झाली!" मी वैतागून "बरं" म्हणतो.

परवा साडेसात वाजून गेले, फोन नाही. मी केला, उचलला नाही. पोहे तसेच ठेवून मी गाडीची किल्ली घेतली. ही दारातच उभी. तेवढ्यात फोन वाजला. "तिची सहालाच झाली हो. मलाच जाग येईना. हल्ली असं होतं अधूनमधून."

किल्ली घट्ट धरून मी जिन्यातच बसलो. इतके दिवस मी मांजरीची खबर ऐकतोय असंच समजत होतो. "मामा," मी म्हटलं, "तिचं कळलं. तुम्ही काही खाल्लंत का?"

पलीकडे पातेल्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "भोपळा उरलाय थोडा."