आठ जण गप्प बसले होते

सगळ्यात आधी टुण् वाजलं नाही.

एवढंच. फाइल कचऱ्यात टाकली की आमचा कॉम्प्युटर टुण् करतो, ते त्या मंगळवारी त्यानं केलं नाही. दुसरं कुणी असतं तर चहा टाकायला गेलं असतं. मी खुर्चीतून ताडकन उभी राहिले. मी कोण, तर कुकर समोर असतानाही शिट्टीला दचकणारी मुलगी. आमच्या दारावरची बेल आईनं माझ्यामुळं काढून टाकलीय.

पुढं मी जो घोळ घातला तो सांगायची हिंमत आत्ता कुठं गोळा झालीय, तेव्हा मध्ये टोकू नका. टोकलंत की मी विसरते.

तर शुक्रवारी अकरा वाजता माझी ऑनलाइन मुलाखत होती. मुलांच्या पुस्तकांचं मुद्रितशोधन, घरबसल्या, कायमची नोकरी. एम. ए. होऊन दोन वर्षं मी कळंब्यात घरी बसून होते, आणि ‘मग पुढं काय?’ विचारणाऱ्या बायका टाळायला भाजीसाठी लांबच्या रस्त्यानं जात होते. मुलाखतीत स्क्रीन दाखवून एक पान तिथल्या तिथं दुरुस्त करायचं होतं, म्हणजे मोबाइल चालणार नव्हता. कॉम्प्युटरच हवा, आणि त्याला आवाज हवा. प्रश्नच ऐकू आला नाही तर उत्तर कसलं देणार?

आमच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स घातलंय. जगभरच्या माणसांनी मिळून बनवलेलं, फुकटातलं. चालतं छान, पण बिघडलं की दुकानदार हात लावत नाही. मग ज्यांनी बनवलं त्यांनाच विचारायचं, म्हणजे अख्ख्या जगाला. सोमवारीच मी मुलाखतीसाठी म्हणून जुना मॉनिटर काढून सेकंडहँड मोठा मॉनिटर जोडला होता. पण ते कुणाला सांगितलं नाही. मॉनिटर डोळ्यांचा, आवाज कानांचा. संबंध काय?

लिनक्सवाल्यांचा एक मराठी गट आहे. तिथं मी लिहिलं, ‘आवाज येत नाही, कृपया मदत व्हावी. तसदीबद्दल क्षमस्व. प्रश्न चुकीच्या जागी विचारला असल्यास पुन्हा क्षमस्व.’ लगेच उत्तर आलं, ‘रोज संध्याकाळी सहा ते सात आमची मदतीची खोली उघडी असते. ही लिंक. या, बोलून बघू.’

जिला ऐकू येत नाही तिला बोलायला बोलावलं. हे त्यांना सुचलं नाही, तसं मलाही सुचलं नाही. मी मात्र एक शहाणपणा केला. गटाचे मेसेजच बंद करून टाकले. कुणी ‘एवढंही कळत नाही का’ असं लिहिलं तर निदान वाचायला नको.

सहाला लिंक दाबून त्या खोलीत गेले. कॉम्प्युटरनं नाव विचारलं. नाव दिलं की माणसं ओळखतात, म्हणून रकाना रिकामा ठेवला. तर त्यानं आपणहून ‘पाहुणा’ असं नाव घालून मला आत ढकललं. समोर आठ गोल. प्रत्येकाखाली नाव, चेहरा एकाचाही नाही.

“नमस्कार,” मी कॅमेऱ्याकडं बघून म्हटलं. माइक त्या कॅमेऱ्यातच आहे.

शांतता.

“माझा आवाज येतोय का?”

शांतता. आणि खालच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका उगवला. त्यात आकडा, १.

लाल म्हणजे काय? धोका. मी माउसवरचा हात काढून घेतला. “अगं बाई, एरर आली.” आकडा २ झाला. “दोन आल्या.” आकडा ४.

आता तुम्ही म्हणाल, दाबून बघायचं की. लाल दिसलेलं दाबणारी मी असते तर आयुष्यात कुठल्या कुठं गेले असते. मी शांत डोक्यानं दोन निष्कर्ष काढले. एक, स्पीकरसोबत माइकही गेला. दोन, मी जेवढी बोलेन तेवढा कॉम्प्युटर आणखी बिघडणार.

आई हात पुसत आली. “काय म्हणत्यात?”

“काहीच नाही. आठ जण आहेत, पण गप्प बसलेत.”

आई कॅमेऱ्यापाशी वाकली. “आठ माणसं, आन एकाच्याबी तोंडातनं शब्द न्हाय? पोरगी बघायला आल्यागत बसल्यात.”

आकडा नवावर गेला.

“आई, बोलू नकोस, वाढतंय.”

“वाढतंय तर वाढू दे. मी काय भितीय व्हय त्याला?”

बुधवारी पुन्हा सहाला गेले. तेच आठ गोल, तीच शांतता. मी रडकुंडीला आले तेव्हा आईनं जो सल्ला दिला, तो मी ऐकला ही माझी चूक, आईची नव्हे.

“त्येंना काय ऐकू जात न्हाय न्हवं? मग त्यांच्याफुडंच मुलाखतीची उत्तरं घोकून घे. माणसं म्हणून बसल्यात तर वापर की.”

मला पटलं. मी इस्त्रीचा ड्रेस घालून आले, पाठ ताठ केली आणि आठ गोलांचं निवड मंडळ नेमलं. ‘वसंत’ नावाच्या गोलाला अध्यक्ष केलं. एक गोल मला उगाच खडूस वाटला, त्याला सांगितलं, “सर, तुम्ही मागच्या खुर्चीत बसा.” मग स्वतःच प्रश्न विचारायचे, स्वतःच उत्तरं द्यायची. तुमच्याबद्दल सांगा. ही नोकरी का हवी? पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता? चाळीस मिनिटं. ‘का हवी’ला मी ठरवलेलं उत्तर सोडून खरं उत्तर दिलं, भाजीच्या रस्त्यासकट, आणि थोडं रडूनही घेतलं. मुक्या मंडळासमोर लाज कसली? आकडा तेवढा एकेचाळिसावर गेलेला. मी त्याच्यावर ओढणीचं टोक टाकलं.

गुरुवार उजाडला. उद्या मुलाखत. आईनं मागच्या गल्लीतल्या शब्बीरचाचांना बोलावलं. लग्नात, मंडपात कर्णे आणि माइक लावायचा त्यांचा धंदा. ते सहाला आले तेव्हा मी खोलीत बसलेच होते. आत्तापर्यंत सवय झाली होती त्या मंडळाची.

चाचांनी माझे स्पीकर काढून त्यांच्या मोबाइलला लावले. असा काही बँड वाजला की मी कपाटाला जाऊन चिकटले.

“स्पीकर ठणठणीत हाय,” चाचा म्हणाले आणि कॅमेऱ्याला तोंड लावलं. “हॅलो, टेस्टिंग. मंडळी, येतंय का ऐकू?”

रोज नव्यानं एकपासून सुरू होणारा आकडा सतरावरून पंचविसावर.

“चाचा, बास. एरर वाढतात त्यानं.”

“बेटा, आवाज कधी मरत न्हाय. कुठनं तरी निघतोयच. मागं एका लग्नात मांडवात कुणाला मंगलाष्टका ऐकू येईनात, आन तिकडं आचाऱ्याच्या कढईपाशी दणादण चालल्यात. का? वायर तिकडच्या कर्ण्याला गेलती. तुझा आवाज कुठल्या कर्ण्याला गेलाय तेवढं हुडक.” त्यांनी स्पीकर परत कॉम्प्युटरला जोडले.

कर्णा. मी सेटिंग उघडलं. आवाजाचं पान. ‘आवाज कुठून काढायचा’ अशी यादी, आणि निवडलेलं काय, तर माझा नवा मॉनिटर. मॉनिटरला मागून पुढून बघितलं, चाचांनी टॉर्च मारली. त्याच्या वायरीतनं चित्रासोबत आवाजही जातो म्हणे, पण त्याला स्पीकरच नव्हता. तीन दिवस आमचा कॉम्प्युटर त्या बिनतोंडाच्या डबड्याकडं इमानदारीत आवाज पाठवत होता.

यादीत खाली स्पीकर होता. तो मीच दाबला. कुणी सांगितलं नाही, कुणी हात धरला नाही. मग एक फाइल कचऱ्यात टाकली.

टुण्.

“आई, जमलं! मी केलं, एकटीनं.”

चाचांनी टॉर्च माझ्या तोंडावर धरली.

“म्हणजे चाचांच्या कर्ण्यानं.”

शुक्रवारच्या मुलाखतीत मी बाजी मारली आणि नोकरी मिळाली, हे इथंच सांगून टाकते. कारण यापुढचं ऐकल्यावर तुम्ही मला ते सांगू देणार नाही.

तर गुरुवारी त्या टुण्पाठोपाठ स्पीकरमधून कुणीतरी खोकलं. मग बशीवर कप ठेवल्याचा आवाज. मग कुणीतरी हसू दाबत होतं, ते दाबलेलं हसूसुद्धा स्पष्ट. आठ गोलांपैकी एकेकाभोवती हिरवी कड उजळत होती, तीन दिवस मी शोभेची समजत होते तीच. तरी माणूस सवयीनं बोलतो.

“हॅलो?” मी म्हटलं. “कुणाला ऐकू येतंय का?”

आणि अध्यक्ष बोलले. खास शाहूवाडीचा हेल.

“बोला की पावणं. मंगळवारपास्नं ऐकतोय. उत्तरंबी लिहिलीती, त्यो लाल आकडा दाबला असता तर दिसली असती. मुलाखत झकास हाय तुमची. तेवढं ते ‘अडचण आली तरी मी घाबरत नाही, शांतपणे मार्ग काढते’ म्हणताय न्हवं, ते वाक्य काढा. आम्ही आठ जणांनी मत घेतलं. एकालाबी पटलं न्हाय.”