दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

लग्न होऊन जिंतूरला आले, तेव्हा आम्ही नवरा-बायको एकमेकांशी जेमतेम बोलायचो. हे शाळेत मास्तर. त्यांच्याकडे जॅझच्या वळणाची गाणी करणाऱ्या एका इंग्रजी बँडची कॅसेट होती. त्यातलं गाजलेलं एकच गाणं ते सारखं लावायचे.

एका दुपारी मी कॅसेट उलटवून शेवटपर्यंत चालू दिली. शेवटच्या गाण्यात शब्द थोडेच होते, पण बेस गिटार अशी खेळत होती की माझा पाय आपोआप ताल धरायला लागला. तेवढ्यात हे दारात आले.

"हे कोणतं लावलंस?"

"तुमच्याच कॅसेटमधलं हाय."

"मी कधी ऐकलंच न्हाई. लय भारी वाजवायलेत!"

ते तसेच उंबऱ्यावर बसले. मग चहा निवून गेला, तरी आमचं बोलणं संपेना.