रूपीबाईची शीग

पडदा उचलावा तसे सकाळचे ढग डोंगरावरून उठतात आणि खडकीपाडा दिसू लागतो. नवापूरच्या मागे, गुजरातच्या हद्दीला पाठ लावून बसलेलं गाव. श्रावण संपत आलाय. शेतं हिरवीगार आणि घरातल्या कणग्या रित्या, असे ते दिवस. उजवीकडे मोहाचं जुनं झाड, डावीकडे टोपल्या घेऊन उभ्या बायका, आणि मागे उंचवट्यावर कुडाची एक झोपडी. तिच्यात चूल नाही, माणूस राहत नाही. आत नुसत्या बांबूच्या कणग्या, शेणानं लिंपलेल्या, पुरुषभर उंच. आणि मधोमध, नाटकात जिथे राजाचं सिंहासन मांडतात त्या जागी, दारातच एक बाई उकिडवी बसलेली. पदर कमरेला खोचलेला, पुढ्यात लाकडी पायली.

ही रूपीबाई. गावाच्या धान्यपेढीची मापारीण.

ती कपाळ कणगीला टेकवायची, कणसरीचं नाव घ्यायची. कणसरी म्हणजे दाण्यात राहणारी देवी. मग पायली आत घालून भरून काढायची आणि वर ओंजळीनं दाणे सोडत राहायची. पायलीच्या काठावर ज्वारीचा डोंगर उभा राहायचा, टोकदार, आता घसरेल मग घसरेल असा. ती शीग. शीग पुरी झाल्याशिवाय रूपीबाईचा हात थांबत नसे.

"पुरे गं, सांडंल!" टोपली धरणारी म्हणायची.

"सांडलं तर कोंबड्या खातील. तुझ्या बापाचं काय जातं?"

बायका हसायच्या. भुकेच्या दिवसांत गावात हसू ऐकू यायचं ते त्या दारात.

ही पेढी आली तेव्हा एकोणीसशे तीस साल उलटून गेलं होतं. धुळ्याहून एक साहेब आला, मोहाखाली खुर्ची टाकून बसला. म्हणाला, पीक निघालं की प्रत्येकानं आपला वाटा या घरात टाकायचा. पावसाळ्यात ज्याला लागेल त्यानं न्यायचं, सुगीला पाव हिस्सा जास्त घालून परत करायचं. पेढी कुणा एकाची नाही, सगळ्यांची. "आणि नुकसान झालं, तर तेही सगळ्यांनी मिळून भरायचं," साहेब बोट वर करून म्हणाला.

लोक एकमेकांकडे बघून हसले. यात नवीन काय? कुणाचं घर शाकारायचं असलं की सगळं गाव जातं, कुणाची कापणी अडली की सगळे विळे घेऊन निघतात. डोंगरात याला लाह म्हणत. साहेबानं लाहच सांगितली, फक्त कागदावर.

अडलं ते मापावर. पंचांचा मुख्य रायसिंग पोलीसपाटील पायलीला हात घालायला पुढे झाला, तशी एक म्हातारी ओरडली, "पुरुषाचा हात कणगीत? बरकत जाईल ना, मेल्या!" खरंच, घरोघर कणगी बाईचीच. नवरा मागतो, बाई काढते. सगळ्यांच्या नजरा रूपीबाईकडे वळल्या. तिचा नवरा जंगलात लाकडं ओढताना गेलेला, लेक हद्दीपलीकडे दिलेली. घरात खाणारं तोंड एक आणि हात मात्र सढळ. त्या डोंगरात रांडावलेल्या बाईला बाजूला बसवायची रीत नव्हती. रायसिंग हसत म्हणाला, "घे भावजय, तू सासू आणि आम्ही सगळे तुझे जावई."

त्या पायलीनं रूपीबाईला नवा जन्म दिला. नवरा गेल्यावर ती गावात होती, पण मोजणीत नव्हती. आता पोरंसोरंही वाट सोडून बाजूला उभी राहत. बारसं असो की बैल मेलेला असो, माणूस आधी तिच्या दारात येई. तिला दुसरं काही नको होतं. मरेपर्यंत ती पायली आपल्या हातात राहावी आणि गावानं आपल्याला सरळ हाताची बाई म्हणावं, एवढंच.

देताना शीग, हे तिनं कुणाला विचारून ठरवलं नव्हतं. आईनं केलं ते तिनं केलं. डोंगरात दुसऱ्याच्या टोपलीत सपाट माप टाकणं म्हणजे तोंडावर थुंकणं. आणि दिलेलं परत येतं तेव्हा त्यावर शीग मागणं, हे तर त्याहून हलकं. म्हणून सुगीला माणूस धान्य घेऊन आला की रूपीबाई पायलीच्या काठावरून आडवा हात फिरवायची आणि वरचे दाणे त्याच्याच टोपलीत ढकलायची. "हे तुझं, घरी ने."

बाजारात बन्सीलाल शेटजीचं दुकान होतं. त्याची रीत बरोबर उलटी. देताना सपाट, घेताना शीग, आणि वर दीडपट. दोन पावसाळे खडकीपाड्याचं कुणी त्याच्या ओट्यावर चढलं नाही. एकदा आठवड्याच्या बाजारात त्यानं रूपीबाईला हाक मारली, "काय वं रूपी, मन्हं दुकान बंद पाडाना इचार शे का तुन्हा?"

"दुकान तुमचं, माप तुमचं, शेटजी. मी कोण बंद पाडणार?"

शेटजी सुपारी कातरत हसला. "शीग लाई लाई वाटी ऱ्हायनी तू. एक दिन तीच शीग तुन्हा डोकावर पडी."

हेच दुसऱ्या तोंडानं तिचा भाचा योसेफही सांगत असे. योसेफ तिच्या बहिणीचा मुलगा. बहिणीचं घर मिशनात गेलेलं, म्हणून पोरगा शिकला आणि पेढीची लिखापढी त्याच्याकडे आली. तो कणसरीला मानत नसे, पण मावशी कणगी उघडायची तेव्हा डोक्यावरची टोपी काढून उभा राहायचा.

"मावशी, मी पायली लिहितो, पायली म्हणजे सपाट. तू देतेस शीग. हे फुटंल कधी तरी."

"तू लिहितोस ते तू बघ. माझ्या हातून सपाट सुटणार नाही."

"मग घेताना तरी शीग घे."

"म्हणजे बन्सीलाल होऊ?" ती त्याच्या पाठीत धपाटा घालायची. "जा, भाकर खाऊन घे. उपाशी माणसाला हिशेब फार सुचतात."

वरचा पाव हिस्सा ही गळती झाकत होता. पण एका वर्षी पावसानं कणग्या ओलावल्या, खालचं धान्य कुजलं, उरलेल्यात सोंडे किडे पडले. त्याच वर्षी पीकही बेताचं आलं. लोकांनी घेतलं ते इमानानं परत आणून घातलं, तरी कणग्या पूर्वीसारख्या भरल्या नाहीत. रूपीबाई रात्रंदिवस त्या झोपडीत वावरणारी. तिला ते हातानंच कळलं. पण पुढच्या सुगीला भरेल, असं म्हणून तिनं कणगीला नवं शेण लावलं. आपल्याकडे दुखण्यालाही आधी शेणच लावतात.

होळीच्या आधी धुळ्याहून पेढीचा तपासनीस आला. लोखंडी, शिक्का मारलेलं माप घेऊन. कणग्या उपसल्या, सपाट मोजल्या, योसेफच्या लिहिण्याशी ताडून बघितल्या. कित्येक पोत्यांची तूट निघाली. कुजलेलं वजा केलं, तरी मोठी तूट.

मोहाखाली गाव जमलं.

"धान्य कुठे गेलं?" तपासनीसानं विचारलं.

रूपीबाई उभी राहिली. आवाज मोकळा होता तिचा. "गेलं कुठं? पोटात गेलं. मी शीग देत आले, साहेब. सगळ्यांना ठाऊक आहे."

"शीग द्यायची असं नियमात कुठे आहे?"

"नियमात नसंल. रीतीत आहे."

तपासनीस काही दुष्ट नव्हता. कपाळावरचा घाम पुसून त्यानं नीट समजावलं. ज्यांनी ज्यांनी शीग घेतली त्यांनी तसं सांगावं, ते जादा धान्य त्यांच्या नावावर चढेल, हळूहळू फेडता येईल. कुणीच घेतली नसेल आणि तरी तूट असेल, तर तो पेढीचा तोटा. मग करारात लिहिल्याप्रमाणे साऱ्या गावानं मिळून भरायचा. "आणि चोरी असेल," तो थांबला, "तर ज्यानं केली त्यानं एकट्यानं भरायचं. बोला. शीग कुणी घेतली?"

पुढच्या रांगेत मंगळीबाई बसली होती. रूपीबाईची जिवाची मैत्रीण, लहानपणापासून एका ओढ्यावर पाणी भरलेली. तिच्या घरात पाच पोरं आणि अंथरुणाला खिळलेला नवरा; गावात सगळ्यांत उंच शीग तिच्याच टोपलीत पडलेली. रूपीबाईनं तिच्याकडे पाहिलं. मंगळीबाई हातातल्या बांगड्या फिरवत बसली. फिरवत राहिली.

कुणी बोललं नाही.

आमच्या मुलखात भोवाडा नाचतात, लाकडी मुखवटे घालून. मुखवट्याआड कोण आहे ते गावातलं शेंबडं पोरही पायांवरून ओळखतं. त्या दिवशी कुणाच्या तोंडावर मुखवटा नव्हता, आणि रूपीबाईला एकही माणूस ओळखू येईना.

योसेफ उठला. "साहेब, शीग देत होती. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"तू चिटणीस ना? पाहिलंस, तर लिहिलं का नाहीस?" तपासनीस त्याच्याकडे वळला. "मग तूट तुझ्याही नावावर टाकू?"

योसेफची बायको मागे तान्हं घेऊन बसली होती. तिनं त्याच्या सदऱ्याला हिसका दिला. योसेफ खाली बसला.

राहिला रायसिंग. तोही माणूस वाईट नव्हता. त्यानं भर पुरात लोकांना खांद्यावरून आणलेलं होतं. त्यानं गावाकडे पाहिलं. ती हडकुळी माणसं, गेल्या वर्षाचं ते पीक. साऱ्यांनी भरायचं म्हटलं तर यंदाचं बियाणंही जाणार होतं. ज्या लाहेला हसत हो म्हटलं होतं, तिचं दुसरं टोक आज हातात आलं होतं, आणि ते जड होतं. एकट्या बाईवर टाकलं, की गाव सुटत होतं.

त्यानं घसा साफ केला. "चोरी लिहा, साहेब."

रूपीबाईनं त्याच्या तोंडाकडे बघत नुसतं विचारलं, "चोरी?"

"भावजय, तुझं एक पोट. कसंही निभंल."

वाद घालावा, एकेकीच्या टोपलीचं नाव घ्यावं, असं तिच्या मनात आलं नसेल का? आलं असेलच. पण आपण कुणाला काय घातलं ते चारचौघांत उच्चारलं, की घातलेलं उष्टं होतं, अशी तिची समजूत. ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्यालाच गावानं कबुली म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पंच तिच्या घरी भरपाई घ्यायला गेले. तिच्या कणगीत लोखंडी माप घातलं, तर ते तळाला खणकन वाजलं. दारात सारं गाव उभं होतं. चोराची कणगी रिती आहे हे सगळ्यांनी पाहिलं. योसेफ लिहीत होता, त्याच्या डोळ्यांतलं पाणी कागदावर पडत होतं. तरी कुणी म्हणालं नाही, की थांबा. तिची गाय सोडून नेली, गळ्यातली चांदीची हासळी उतरवली, नवऱ्याच्या माघारी राहिलेला शेताचा तुकडा रायसिंगनं तुटीच्या बदल्यात पेढीच्या नावे करून घेतला. आणि शेवटी खुंटीवरची लाकडी पायली. ती पेढीचीच होती, पण तिच्या घरी राहायची. पायली नेताना रायसिंगनं तिच्याकडे पाहिलं नाही.

होळीला गावातल्या बायका दरसाल तिला हाताला धरून नाचायला ओढून न्यायच्या. त्या वर्षी ढोल तिच्या दारावरून गेला, थांबला नाही.

पेढी चालली. चांगली चालली, असंच म्हणतात. आता लोखंडी माप रायसिंगच्या हातात. बरकतीची आठवण त्या म्हातारीलाही झाली नाही. देताना सपाट. पुढे तूट नको म्हणून घेताना थोडी शीग. थोडी थोडी करत ती बन्सीलालच्या शिगेएवढी झाली. मग लोक म्हणू लागले, त्यापेक्षा शेटजी बरा, त्याच्याकडे निदान गुळाचा खडा तरी मिळतो. बन्सीलालच्या ओट्यावर पुन्हा गर्दी झाली.

रूपीबाई जंगलखात्याच्या तोडीवर मजुरीला जाऊ लागली, पावसाळ्यात दुसऱ्यांचं भात लावू लागली. रोजाचं धान्य मिळे ते मालक टाकेल तसं घेई. मापाकडे बघत नसे. धान्याच्या झोपडीवरून जायची वाट तिनं सोडून दिली. पाण्याला लांबच्या फेऱ्यानं जाई. योसेफ रविवारी भाकरी घेऊन येई. ती म्हणे, ठेव. तो गेल्यावर कुत्र्याला घाली.

मग लढाईचे दिवस आले. धान्य महागलं, दुकानं बंद, पेढीच्या कणग्यांत खडखडाट. रूपीबाई तापानं पडली आणि उठलीच नाही. खोपटात एकटी. आपण नाटकात असल्या वेळी दिवा मंद करतो, सनईसारखी सुंदरी वाजवतो. तिथे भर दुपार होती आणि बाहेर कोणी तरी शेळीला शिव्या देत होतं.

मंगळीबाई आत आली. किती वर्षांनी या उंबऱ्यावर पाय पडला होता तिचा. पोरं मोठी झालेली, नवरा कधीच गेलेला, पाठीत बाक आलेला. पदराखाली एक छोटी टोपली. ती तिनं रूपीबाईच्या उशाशी ठेवली. ज्वारी होती, निवडून पाखडलेली, काठाच्या वर टोकदार शीग लावलेली. घरून इथवर एक दाणा न सांडता कशी आणली होती, तिलाच ठाऊक.

"रूपे," ती रडत म्हणाली, "त्या दिवशी मला बोलता आलं नाही गं. पोरं होती. आज आणलं बघ. शीग लावून आणलं."

रूपीबाईनं त्या टोपलीकडे पाहिलं. मग हाडं राहिलेला हात उचलून शिगेवरून आडवा फिरवला. दाणे मंगळीबाईच्या ओटीत घसरले.

"सपाटच दे, मंगळी," ती म्हणाली. "आपल्या गावात शिगेला चोरी म्हणतात."